लुइनरिडोवेनचे जुने चॅपेल : कुलूप, वर्गणी आणि वास्तू वाचवण्याचा हिशेब

टायवीकाठ (धागालेखिका)

पश्चिम वेल्समधल्या केरेडिगिऑन या शेतीप्रधान जिल्ह्यात, लँडिसिल गावापासून थोड्याच अंतरावर रिडोवेन नावाची वस्ती आहे. तिच्याजवळच लुइनरिडोवेनचे जुने युनिटेरियन चॅपेल उभे आहे. आमच्या भागातले एक छोटे चॅपेल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागृह, बंद होण्याच्या बेतात असून ते वाचवण्यासाठी जमलेल्या समितीत मलाही बोलावले आहे. तिथे दर बैठकीत कोणीतरी लुइनरिडोवेनचा दाखला देतेच, म्हणून तो इतिहास इथे मांडावा आणि जाणकारांची मते घ्यावीत, असा या धाग्याचा हेतू आहे.

जेन्किन जोन्स या तरुण धर्मोपदेशकाने १७२६ पासून या परिसरात असे सांगायला सुरुवात केली, की देवाची कृपा आधीच निवडून ठेवलेल्या थोड्यांसाठी राखीव नसून ती सर्वांना खुली आहे. कॅल्विनच्या शिकवणीवर पोसलेल्या वेल्समध्ये हे पाखंडच होते. १७३३ मध्ये त्याने लुइनरिडोवेनला स्वतंत्र प्रार्थनागृह उभारले आणि पुढच्या पिढ्यांत ही मंडळी त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही, कल्पना नाकारणाऱ्या युनिटेरियन पंथाकडे गेली. आजूबाजूला मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे वारे कितीही जोरात वाहिले तरी टायवी नदीच्या या खोऱ्यात त्यांना पाय रोवता आले नाहीत, म्हणून त्यांनी या टापूला 'काळा ठिपका' असे नाव ठेवले. इथले लोक ते नाव आजही अभिमानाने मिरवतात. सध्याची वास्तू १८३४ च्या पुनर्बांधणीतली आहे.

चॅपेलची जमीन मात्र आल्ट-इर-ओडिन या जमीनदार घराण्याची होती आणि चॅपेल तिच्यावर भाडेपट्ट्याने उभे होते. १८६८ च्या निवडणुकीत वेल्सच्या अनेक कुळांनी जमीनदारांच्या मर्जीविरुद्ध लिबरल पक्षाला मते दिली. मतदान तेव्हा उघडपणे होत असल्याने कोणी कोणाला मत दिले हे कारकुनाच्या वहीतच लिहिलेले असे आणि त्याची शिक्षा म्हणून कुळांना शेतांवरून हुसकावण्यात आले. गुप्त मतदानाचा कायदा त्यानंतर १८७२ मध्ये आला. लुइनरिडोवेनचे धर्मोपदेशक विल्यम थॉमस, ज्यांना वेल्श वाङ्मयात ग्विलिम मार्लेस या टोपणनावाने ओळखतात, ते कवी होते, शाळा चालवत होते आणि कुळांच्या बाजूने उघडपणे बोलत होते. जमीनदाराच्या मनात ही अढी राहिली. १८७६ च्या ऑक्टोबरमध्ये भाडेपट्ट्याचे निमित्त करून चॅपेलला कुलूप ठोकण्यात आले आणि पिढ्यान् पिढ्यांची दफनभूमीही कुंपणाआड गेली. ग्विलिम मार्लेस यांनी बंद फाटकाबाहेर, रस्त्यावर उभे राहून प्रवचन केले आणि ते ऐकायला सुमारे ३००० माणसे जमली होती, असे सांगितले जाते. हा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी झुडपांच्या कुंपणाने आवळलेली ग्रामीण वाट आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर मोटार मागे घ्यावी लागते, तिथे एवढा जनसमुदाय कसा मावला असेल, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

पुढे वेल्समधून आणि इंग्लंडमधल्या युनिटेरियन मंडळींकडूनही वर्गणी गोळा झाली आणि १८७९ मध्ये रिडोवेनला नवे चॅपेल उभे राहिले. प्रकृती पूर्ण ढासळलेले ग्विलिम मार्लेस त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी वारले. मधल्या काळात तो जमीनदारही मरण पावला होता आणि त्याच्या बहिणीने जुने चॅपेल मंडळींना परत केले. म्हणजे कुलूप निघाले, पण तोवर दुसरे घर बांधून झाले होते. नव्या वास्तूमुळे जुनीचा रोजचा वापर संपला आणि आज तिचा सांभाळ 'अदोल्डाय कम्री' ही वेल्समधल्या बंद पडलेल्या महत्त्वाच्या चॅपेलांसाठी १९९९ मध्ये स्थापन झालेली न्याससंस्था करते. संरक्षित वास्तूंच्या सरकारी सूचीत या वास्तूला दुसरी तारांकित श्रेणी मिळालेली आहे.

मला यातून जे दिसते ते असे : १८७६ च्या माणसांनी भिंतींच्या आधी मंडळी वाचवली. आज आमच्यासमोर उलटा पेच आहे, कारण भिंती धडधाकट आहेत आणि मंडळी उरलेली नाही. अशा वेळी नेमके काय वाचवायचे आणि कोणासाठी, यावर आपले म्हणणे वाचायला आवडेल.

जामखंडीकर

उत्तम धागा. या चॅपेलचे नाते आपल्याकडच्या सुधारणेच्या इतिहासाशी कसे पोहोचते, तेवढे नोंदवतो.

याच परिसरातल्या युनिटेरियन घराण्यातले रिचर्ड आणि मेरी लॉइड जोन्स हे दांपत्य १८४४ मध्ये मुलाबाळांसह अमेरिकेला गेले आणि विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाले. घराणे वर उल्लेखलेल्या जेन्किन जोन्सशी आपले नाते सांगत असे आणि त्यावरूनच एका मुलाचे नाव जेन्किन ठेवलेले होते. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट हे याच घराण्यातल्या मुलीचे पुत्र. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तो जेन्किन लॉइड जोन्स. तो शिकागोत युनिटेरियन धर्मोपदेशक झाला आणि १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेच्या आयोजनात सचिव म्हणून त्याने मोठा भार उचलला. त्या परिषदेतले विवेकानंदांचे भाषण सर्वांना ठाऊक असते, मात्र मुंबईचे बी. बी. नगरकर हेही तिथे ब्राह्म आणि प्रार्थना समाजाच्या विचारांचे प्रतिनिधी म्हणून बोलले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

१८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचा आणि ब्रिटिश युनिटेरियनांचा पत्रव्यवहार व येणे-जाणे पुढे चालूच राहिले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी गेले ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. १९०३ मध्ये परतल्यावर ते प्रार्थना समाजाच्या कामात पडले आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. ज्या पंथाच्या गरीब शेतकरी मंडळींना एका जमीनदाराने रस्त्यावर काढले, त्याच पंथाचे पैसे पाव शतकानंतर आपल्या माणसाच्या शिक्षणाला लागले, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

अवांतर : कवी डिलन थॉमस यांचे ग्विलिम मार्लेस हे चुलत आजोबा लागत आणि त्यांच्या नावातले मधले 'मार्लेस' तिथूनच आलेले आहे.

स्पष्टवक्ता

इतिहास रंजक आहे, हे मान्य. पण मुद्द्याला हात घालतो. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या ४६.५ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदवले आणि ख्रिस्ती म्हणवणारे ४३.६ टक्क्यांवर आले. त्या छोट्या देशात एकूण ६००० हून अधिक चॅपेले बांधली गेली. एकाच गावात बेथेल, सोअर, सालेम, एबेनेझर अशी चार-चार उभी राहिली ती पंथांच्या चढाओढीतून, गरजेतून नव्हे. आता त्यातली निम्मी पडली किंवा त्यांची घरे झाली तर आकाश कोसळणार आहे काय? ज्यांना तिथे प्रार्थना करायची नाही, त्यांनी फक्त दर्शनी भाग सुंदर दिसतो म्हणून इतरांच्या खिशात हात घालू नये.

टायवीकाठ

स्पष्टवक्ता, चढाओढीचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्या समितीतले वयस्क सदस्यही तो हसत कबूल करतात. परंतु चॅपेलांत केवळ प्रार्थना होत नसे. एकोणिसाव्या शतकात शाळांमधून वेल्श भाषेला हद्दपार केले जात होते, तेव्हा रविवारच्या वर्गांत लहान मुले आणि प्रौढ शेतमजूर या दोघांनाही वेल्श वाचायला चॅपेलांनीच शिकवले. चार सुरांत समूहगायन करण्याचा कमान्वा गानी हा मेळा, कवितांच्या स्पर्धा, मद्यपानविरोधी सभा, निवडणुकीची भाषणे हे सारे याच बाकांवर झाले. २०२१ मध्ये वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के इतके खाली आले आहे आणि गावात ती भाषा चारचौघांत सहज बोलली जाण्याच्या ज्या जागा होत्या, त्यांतली एकेक बंद होते आहे.

सगळी वाचावीत असे मी कुठेही म्हटलेले नाही. आमच्या बैठकीत एका निवृत्त शेतकऱ्याने फार नेमका प्रश्न विचारला : "मंगळवारी सकाळी दहा वाजता या दाराची किल्ली कोणाला लागेल?" ज्या चॅपेलबाबत या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, त्याच्या मोहिमेत मी पडणार नाही.

हिशेबनीस

मी लेस्टरमध्ये धर्मादाय संस्थांचे हिशेब पाहतो. अशा मोहिमा बहुतेक वेळा भावनेत कमी पडत नाहीत, त्या वेळापत्रकात हरतात. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चॅपेल बंद करण्याचा निर्णय मंडळी घेते, परंतु विकणारे असतात विश्वस्त, आणि अनेकदा पंथाची मध्यवर्ती संस्थाच विश्वस्त असते. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २०११ च्या धर्मादाय कायद्यानुसार विश्वस्तांना जमीनजुमला विकताना जाणकाराचा लेखी अहवाल घ्यावा लागतो आणि मिळू शकणाऱ्या अटींपैकी सर्वोत्तम अटींवर आपण विकत आहोत, अशी खात्री करून घ्यावी लागते. गावाला वाटते की पंथाने आपल्याला पाठ दाखवली, पण कमी किमतीत देऊन टाकणे विश्वस्तांच्या हातात सहसा नसते. यातून एक वाट आहे. घेणारी संस्था स्वतः धर्मादाय असेल आणि तिचा हेतू विकणाऱ्या न्यासाच्या मूळ उद्दिष्टांत बसत असेल, तर बाजारभावापेक्षा कमीत देण्याला कायदा आडवा येत नाही. म्हणून फलक रंगवण्याच्या आधी संस्था नोंदवावी आणि न्यासाचा मूळ दस्तऐवज मागून वाचावा. त्या दस्तऐवजांत मद्यविक्रीला बंदी अशा अटी अनेकदा सापडतात आणि 'आपण इथे छानसे उपाहारगृह काढू' या बेतावर तिथेच पाणी पडते.

दुसरे असे, की इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने एखादी वास्तू 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवता येते आणि ती विक्रीला निघाली की स्थानिकांना पैसे उभे करायला काही महिने मिळतात. कायद्याचा तो भाग वेल्समध्ये लागूच केलेला नाही. स्कॉटलंडमध्ये तर समाजाला खरेदीचा याहून भक्कम हक्क आहे. वेल्समधल्या गावाला असे कोणतेच कवच नसल्यामुळे लिलावाची जाहिरात लागल्यावर जागे झालेल्या समितीला अवघे काही आठवडे मिळतात आणि समोर सुट्टीतले घर शोधणारा रोख पैशांचा ग्राहक उभा असतो.

पैसे उभे करण्याचा वेल्समधला जुना, खात्रीचा मार्ग म्हणजे सामुदायिक भाग-विक्री. लोकहितासाठी नोंदवलेल्या अशा सहकारी संस्थेत कोणी कितीही भाग घेतले तरी मत एकच असते. उत्तर वेल्समधल्या लिथव्हाएन या गावच्या लोकांनी १९८८ मध्ये बंद पडत असलेले आपले मद्यगृह असेच सहकारी तत्त्वावर घेतले आणि ते अजून चालवतात. चॅपेलवाल्यांनी मद्यगृहाचा कित्ता गिरवायचा, यात विनोद आहे खरा, पण हिशेब हिशेबच असतो.

शेवटचा मुद्दा कराचा. दुरुस्तीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. सूचीबद्ध प्रार्थनास्थळांना तो परत मिळवून देणारी सरकारी योजना होती, पण २०२५-२६ सालासाठी तिच्यावर एका वास्तूमागे २५,००० पौंडांची मर्यादा घातली गेली. शिवाय वास्तू प्रार्थनेच्या वापरात असल्यास तिथे वर्षातून किमान सहा वेळा सार्वजनिक प्रार्थना व्हावी, अशी त्या योजनेची अट होती. धागालेखिकांनी आपल्या चॅपेलमधली शेवटची प्रार्थना उरकण्याची घाई करू नये, असा माझा सल्ला राहील. मंडळी अधिकृतपणे विसर्जित झाली, की कर, अनुदान आणि विमा हे तिन्ही हिशेब एका रात्रीत बदलतात.

स्पष्टवक्ता

किल्लीचा प्रश्न विचारणारे ते शेतकरी काका मला आवडले. त्या अटीवर माझा विरोध मागे.

चुनागच्ची

मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत काम करतो आणि काही काळ वेल्समध्ये होतो, त्यामुळे अंदाजपत्रकाच्या बाजूने लिहितो.

ग्रामीण चॅपेलची बांधणी दगडाची, सांधे चुन्याचे आणि छप्पर पाटीच्या दगडाचे असते. वेल्सचा पाटीचा दगड शंभराहून अधिक वर्षे सहज टिकतो, आधी झिजतात ते त्याला धरून ठेवणारे लोखंडी खिळे. खिळा गंजून मान टाकतो, पाटी खाली घसरते आणि त्या फटीतून पाणी लाकडी तुळईच्या नेमक्या त्या टोकाला पोहोचते जे भिंतीत गाडलेले असते. खालून पाहणाऱ्याला छतावर तपकिरी डाग तेवढा दिसतो. तुळईचे टोक कुजले आहे की नाही, हे आत बारीक सळई टोचूनच कळते, आणि ती सळई लोण्यात जावी तशी गेली की अंदाजपत्रकाचा आकडा बदलतो. म्हणून समितीने पहिला खर्च छपराच्या पाहणीवर आणि पावसाळी नळ साफ करण्यावर करावा. रंगरंगोटी, रंगीत काचा, वाद्य यांचे नंतर बघता येते.

दुसरी अडचण मागच्या पिढीच्या दुरुस्तीची. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी चुन्याचा गिलावा काढून सिमेंट थापले गेले. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले आणि आवाज पोकळ आला, तर आतला दगड आणि बाहेरचा थर यांची फारकत झाली आहे असे समजावे. आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धारात हेच चाललेले आहे, त्यावर स्वतंत्र धागा निघेल.

तिसरी अडचण ऐकून लोक हसतात, पण ती गंभीर आहे. रिकाम्या चॅपेलच्या माळ्यावर वटवाघळे हमखास असतात आणि ब्रिटनमध्ये त्यांना कायद्याचे कडक संरक्षण आहे. त्यांची पाहणी उन्हाळ्याच्या महिन्यांतच करता येते आणि परवान्याशिवाय छपराला हात लावता येत नाही. पाहणीचा हंगाम चुकला की पूर्ण वर्ष गेले, आणि त्या वर्षाचा पाऊस गळक्या छपरातून आत येणार हे धरून चालावे.

रूपांतराबद्दल एक निरीक्षण आहे. चॅपेलची आतली रचना ही मुळात सभागृहाची असते : तीन बाजूंनी सज्जा, मध्ये उंच व्यासपीठ, त्याच्या पायाशी ज्येष्ठांसाठी कठडा घातलेली बैठक, आणि सगळ्या बाकांचे तोंड बोलणाऱ्याकडे. म्हणून तिचे नाट्यगृह किंवा संगीतगृह होते तेव्हा तोडफोड कमी लागते. मखुंथलेथ गावातले टॅबरनेकल चॅपेल १९८६ मध्ये कलाकेंद्र म्हणून पुन्हा उघडले, तेथील मैफली ऐकल्या की हे पटते. घर करताना मात्र मधे मजला टाकावा लागतो, उंच खिडकीचे दोन तुकडे होतात आणि श्रेणी मिळालेल्या वास्तूला त्यासाठी परवानगी मिळवणे हा वेगळाच व्याप होतो.

जामखंडीकर

चुनागच्ची, वास्तू उचलून दुसरीकडे नेण्याबद्दल आपले मत काय? कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात पेन-रिऊ नावाचे चॅपेल आहे. तेही युनिटेरियनच, कार्मार्थनशायरमधल्या ड्रेवाख वेलिंद्रेचे. १७७७ पासून चॅपेल म्हणून वापरात असलेली ती वास्तू दगड दगड सोडवून नेली आणि १९५६ मध्ये संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभी केली.

चुनागच्ची

पेन-रिऊ पाहिलेले आहे, काम अस्सल आहे. परंतु तो उपाय अपवाद म्हणूनच शोभतो. चॅपेलभोवतीची दफनभूमी उचलून नेता येत नाही, आणि लुइनरिडोवेनसारख्या ठिकाणी तर गोष्टच त्या फाटकाची आणि त्या रस्त्याची आहे. आल्ट-इर-ओडिनची जमीन वजा केली तर १८७६ चा प्रसंग कळणारच नाही.

शिलाँगचा_पाऊस

मूळ पुण्याचा, सध्या मेघालयात नोकरीला. या धाग्यात एक दुवा राहिला आहे. १८४१ मध्ये वेल्सच्या कॅल्विनवादी मेथडिस्टांनी टॉमस जोन्स यांना खासी टेकड्यांत, चेरापुंजीला धाडले. त्यांनी रोमन लिपीत खासी लिहायला सुरुवात केली आणि ती पद्धत आजही चालू आहे. इथल्या मोठ्या प्रेस्बिटेरियन मंडळींची परंपरा तिथूनच सुरू होते आणि रविवारी वेल्श चालींवरची समूहगीते खासी शब्दांत ऐकू येतात.

गंमत अशी, की याच वेल्श मिशनच्या छायेत वाढलेल्या हाजोम किसोर सिंह यांना त्या कठोर शिकवणीबद्दल शंका पडल्या आणि त्यांनी १८८७ मध्ये जोवाई इथे स्वतंत्र युनिटेरियन मंडळी सुरू केली. ती आजही जिवंत आहे. म्हणजे जेन्किन जोन्सने केरेडिगिऑनात जो वाद मांडला होता, तोच वाद इथे एका खासी माणसाने स्वतःच्या बुद्धीने मांडला. दरम्यान वेल्समध्ये धर्मोपदेशकांची टंचाई झाल्यावर मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन चर्चने आपली माणसे तिकडे पाठवली. टायवीकाठ, आपल्या समितीने मदतीसाठी ईशान्य भारतातल्या मंडळींना पत्र लिहायला हरकत नाही. पैसे फार येणार नाहीत, पण गाणारे नक्की येतील.

टायवीकाठ

सर्वांचे आभार. हिशेबनीसांचा प्रतिसाद मी इंग्रजीत सांगून समितीपुढे ठेवला. न्यासाचा दस्तऐवज मागवण्याचे पत्र गेले आहे आणि प्रार्थना लगेच थांबवायच्या नाहीत, असे मंडळीतल्या उरलेल्या सभासदांनी मान्य केले आहे. शेजारच्या गावातले लोक आळीपाळीने येऊन वर्षातून सहा प्रार्थना पुऱ्या करायला तयार आहेत.

किल्लीच्या प्रश्नावर मात्र दोन तट पडले. एका गटाला चॅपेलच्या मागच्या खोलीत प्रौढांसाठी वेल्श भाषेचे वर्ग आणि लहान मुलांची शिशुशाळा हवी आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे, की मुख्य सभागृहात काही बदल न करता ते मैफलींना द्यावे. मला पहिला पर्याय पटतो, कारण त्यासाठी दार आठवड्यातून अनेकदा उघडेल आणि मागची खोली तापवायला सभागृहाच्या मानाने इंधनही थोडे लागते. चुनागच्चींनी सांगितल्याप्रमाणे छपराची पाहणी आणि वटवाघळांची पाहणी एकाच हंगामात बसवायची आहे. दोन्ही पाहण्यांचा क्रम कसा लावावा आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी या भागात कसा शोधावा, हे त्यांनी कृपया इथेच लिहावे, म्हणजे पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवता येईल.

चुनागच्ची

आधी वटवाघळे, मग छप्पर. वटवाघळांचा अहवाल हातात नसताना कोणीही शिडी लावू नये. गवंड्यासाठी जवळपासच्या सूचीबद्ध वास्तूंची अलीकडची कामे कोणी केली, ते जिल्हा परिषदेच्या वारसा-अधिकाऱ्याला विचारावे, आणि काम देण्याआधी त्याला एका कोपऱ्यात हातभर सांधा भरून दाखवायला सांगावे. तो सिमेंटची गोणी घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवावे.